एकच रस्ता, दोन फोन, दोन आकडे

प्रश्न थोडक्यात असा: दोन मित्र एकाच वेळी, एकाच रस्त्याने सायकलवर निघाले आणि बरोबरच परतले. एकाच्या फोनवर ४२.३ किलोमीटर भरले, दुसऱ्याच्या फोनवर ४०.९. वाटेत एका टप्प्यावर हजेरीसाठी क्यूआर कोड चिकटवलेला होता. तो पहिल्याच्या फोनने क्षणात वाचला, दुसऱ्याच्या फोनने शेवटपर्यंत वाचला नाही. दुसऱ्याचं विचारणं असं, की माझा फोन बिघडलाय का? आणि बिघडला नसेल, तर या यंत्रावर भरवसा ठेवायचा तरी किती?

फोनच्या ॲपमध्ये ठिकाण शोधणारा भाग आणि कोड वाचणारा भाग, हे दोन्ही लिहिण्याचं काम मी गेली चौदा वर्षं करतो, म्हणून उत्तर जरा ऐसपैस देतो. तुमचा फोन बहुतेक धडधाकट आहे. पण ही दोन कामं तो अगदी वेगळ्या रीतीने करतो, आणि तो फरक मनात पक्का बसला की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. रस्ता मोजताना फोन दर सेकंदाला अंदाज बांधत असतो. कोड मात्र तो एकतर अक्षर न् अक्षर बरोबर वाचतो, नाहीतर वाचतच नाही. पहिल्या कामात थोडी चूक गृहीतच धरायची असते. दुसऱ्यात वाचनाची चूक जवळजवळ नसते, पण तिथे धोका दुसरीकडूनच येतो.

आधी रस्त्याचं बघू. अनेकांना वाटतं की फोन उपग्रहाला विचारतो आणि उपग्रह आपलं ठिकाण सांगतो. तसं काही घडत नाही. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून एकच गोष्ट सांगत फिरतात: मी अमुक उपग्रह, मी आत्ता इथे आहे, माझ्या घड्याळात इतके वाजलेत. फोन फक्त ऐकतो. तुम्ही कुठे आहात हे उपग्रहाला कधीच कळत नाही. संदेश फोनपर्यंत यायला सेकंदाचा साधारण सात-आठ शतांश भाग लागतो. तो किती उशिरा आला यावरून उपग्रह किती लांब ते काढायचं, आणि अशी अंतरं जुळवून स्वतःची जागा ठरवायची. अंतराळातली जागा ठरवायला तीन उपग्रह पुरले असते. पण फोनचं घड्याळ उपग्रहाच्या आण्विक घड्याळाइतकं नेमकं नसतं, म्हणून वेळ जुळवायला चौथा लागतो. एक मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग, चुकला तर अंतर ३०० मीटरने चुकतं. सापेक्षतेच्या नियमांमुळे उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतं. ती दुरुस्ती केली नसती तर एका दिवसात १० किलोमीटरहून जास्त घोळ साठला असता. मे २००० पर्यंत तर सामान्य लोकांसाठीच्या संदेशात अमेरिका मुद्दाम चूक मिसळत असे. ती बंद झाली आणि सायकलच्या हँडलवर बसणारा नकाशा शक्य झाला.

आता हा संदेश किती क्षीण असतो ते लक्षात घ्या. जमिनीवर पोहोचेपर्यंत तो भोवतालच्या विद्युत गोंगाटापेक्षाही दुबळा झालेला असतो. त्याचा ठराविक नमुना आधीच ठाऊक असतो, म्हणून फोन तो शोधून काढू शकतो. माणसाचं शरीर बरंचसं पाण्याचं, आणि पाणी हा संदेश शोषून घेतं. म्हणून पाठीवरच्या खिशात ठेवलेला फोन अर्धं आकाश गमावून बसतो आणि हँडलवरचा फोन मोकळं आकाश बघतो. तुमच्या दोघांपैकी कोणाचा फोन कुठे होता, हे मी सर्वांत आधी विचारीन.

मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण ५ मीटरच्या आत ठिकाण सांगतो. उंच इमारतींमध्ये तोच संदेश भिंतीवर आपटून वळसा घेऊन येतो, फोनला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो आणि तुमचा ठिपका रस्ता ओलांडून पलीकडच्या इमारतीत जाऊन बसतो. २०१८ पासून दोन वारंवारिता ऐकणारे फोन आले, शाओमीचा मी ८ हा त्यातला पहिला. असे फोन आपटून आलेला संदेश बऱ्याच अंशी ओळखून बाजूला टाकतात. एका मित्राकडे तसा फोन आणि दुसऱ्याकडे एकाच वारंवारितेचा, एवढ्यानेही आकडे वेगळे येतात.

ठिकाण ५ मीटरने चुकलं तर ४० किलोमीटरमध्ये दीड किलोमीटरचा फरक कसा पडेल, असं तुम्ही म्हणाल. इथेच खरी मेख आहे. फोन अंतर थेट मोजत नाही. तो ठिपके टाकत जातो आणि शेजारच्या दोन ठिपक्यांमधल्या सरळ रेघा बेरजेला लावतो. समजा तुम्ही ताशी १८ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ५ मीटर चालला आहात आणि दर सेकंदाला एक ठिपका पडतोय. एक ठिपका रस्त्याच्या मध्यावर पडला आणि पुढचा दीड मीटर बाजूला. आता त्या दोहोंमधली रेघ ५ मीटरची राहत नाही, ५.२२ मीटरची होते. वर आलेले २२ सेंटिमीटर कितीसे? पण हे दर सेकंदाला होत राहिलं तर ४० किलोमीटरमध्ये पावणेदोन किलोमीटर जादा भरतात. चूक डावीकडे असो की उजवीकडे, रेघ लांबतेच. डावी-उजवी चूक एकमेकींना खोडत नाही, दोन्ही बेरजेतच जातात. प्रत्यक्षात फोन ठिपके बरेच गुळगुळीत करून घेतो, म्हणून फरक इतका मोठा सहसा दिसत नाही. पण तो जातो याच दिशेने.

उलट चूकही होते. बॅटरी वाचवायला ॲप पाच सेकंदांनी एक ठिपका टाकत असेल, तर तेवढ्यात तुम्ही २५ मीटर पुढे गेलेले असता. वळण २० मीटर त्रिज्येचं असेल तर त्या २५ मीटरच्या कमानीऐवजी फोन २३.४ मीटरची सरळ रेघ ओढतो. घाटरस्त्यावर अशी वळणं एकामागून एक येतात आणि प्रत्येक वळणावर फोन थोडा रस्ता कापत जातो.

तिसरी चूक थांबण्याची. तुम्ही सिग्नलला उभे असता, पण ठिपका उभा राहत नाही. तो तुमच्याभोवती घुटमळत राहतो आणि नकाशावर दोऱ्याचा गुंता झाल्यासारखं दिसतं. त्या गुंत्याचीही लांबी बेरजेत जाते. थांबलं की नोंद आपोआप थांबवण्याची सोय याच्यासाठीच असते. एकाने ती चालू ठेवली आणि दुसऱ्याने बंद, तर दोघांचे आकडे जुळायचे नाहीत.

मग ४२.३ खरं की ४०.९? नुसत्या आकड्यावरून ते कळणार नाही. त्यासाठी दोन्ही रेघा बघाव्या लागतील. दोघांचा नकाशा बोटांनी जितका मोठा होईल तितका करा. रेघ सरळ रस्त्यावरसुद्धा करवतीच्या दात्यांसारखी दिसत असेल तर तो आकडा फुगलेला आहे. वळणांवर रेघ रस्ता सोडून शेतातून, भिंतीतून सरळ जात असेल तर तो आकडा आखडलेला आहे. आणि मध्येच एखादा लांब, चक्क पट्टीने ओढल्यासारखा तुकडा दिसला, तर फोनने तेवढ्या वेळात ॲप झोपवलं होतं असं समजा. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत जास्त वेळा सापडते. बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन पडद्यामागची ॲप बंद करतो, आणि लोक दोष उपग्रहांना देतात. सेटिंगमध्ये त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या, आणि ठिकाणाची परवानगी पडदा बंद असतानाही चालेल अशी ठेवा.

निघण्यापूर्वी उघड्यावर मिनिटभर थांबा, हा सल्ला लोकांना खुळा वाटतो, पण त्याला कारण आहे. उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाची माहिती पुरी ऐकायला अर्धा मिनिट लागू शकतो. मोबाइल नेटवर्क असेल तर फोन ती माहिती इंटरनेटवरून चटकन उचलतो. नेटवर्क नसलेल्या ठिकाणी त्याला सगळं आकाशातून ऐकत बसावं लागतं. नोंद सुरू करून लगेच पायडल मारलंत तर पहिले काही ठिपके वाटेल तिथे पडतात.

वेगाबद्दल थोडं सांगतो, कारण त्याची तक्रार कमी येते आणि ते बरोबरही आहे. फोन वेग ठिपक्यांवरून काढत नाही. जवळ येणाऱ्या गाडीचा भोंगा चढा आणि लांब जाणाऱ्या गाडीचा उतरता ऐकू येतो, तसाच उपग्रहाच्या संदेशाचा सूर तुमच्या हालचालीने किंचित बदलतो. फोन तो बदल मोजतो. म्हणून रेघ वेडीवाकडी असतानाही वेगाचा काटा शांत असतो. उंचीचं उलट आहे. उपग्रह सगळे आपल्या डोक्यावर, पायाखाली एकही नाही. त्यामुळे उंचीतली चूक आडव्या चुकीपेक्षा मोठी असते. ज्या फोनमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर आहे तो चढण फार छान दाखवतो. एक मीटर चढलं की दाब साधारण १२ पास्कलने उतरतो आणि सेन्सरला तेवढं समजतं. पण हवामान बदललं तरी दाब बदलतो. फेरी चालू असताना दाब दोनशे पास्कलने पडला तर घरी परतल्यावर तुम्ही निघालात त्याहून सोळा-सतरा मीटर उंच राहता असं फोन सांगेल. अंतर अगदी काटेकोर हवं असेल तर चाकावर फेरे मोजणारा सेन्सर बसवा. चाकाचा घेर एकदा नीट मोजून भरला की त्याला आकाशाची गरज उरत नाही.

भाड्याची गाडी बोलावल्यावर नकाशावर ती जी सुळसुळत येताना दिसते, तिच्याबद्दलही लोक विचारतात. चालकाच्या फोनकडून काही सेकंदांनी एक ठिपका येतो. तो रस्त्याच्या रेघेवर ओढून बसवला जातो आणि दोन ठिपक्यांमधली हालचाल पडद्यावर रंगवली जाते. उड्डाणपूल आणि त्याच्याखालचा रस्ता यांत फोन सहज गफलत करतो, कारण आडव्या नकाशावर दोन्ही एकाच जागी असतात. गाडी समोर दिसत नाही आणि नकाशा म्हणतो आली, तर आधी पुलाकडे बघा, मग चालकाला फोन करा.

एक कळकळीची सूचना मात्र इथेच करतो. नोंदवलेली फेरी सगळ्यांना दिसेल अशी ठेवू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या धावण्या-सायकलिंगच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपने जगभरातल्या नोंदींचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला. त्यात कोणाचंही नाव नव्हतं. तरी जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की ओसाड प्रदेशात जे ठिपके चमकताहेत ते लष्करी तळ आहेत, आणि तिथले सैनिक रोज कुठून कुठे पळतात तेही दिसतंय. तुमची फेरी रोज जिथून सुरू होते ते तुमचं घर असतं, आणि ज्या वेळी ती सुरू होते त्या वेळी तुम्ही घरात नसता. सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग झाकण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये आहे. ती आजच चालू करा.

आता कोड. याची घडण मला आजही मनापासून आवडते. १९९४ मध्ये जपानमध्ये डेन्सो या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. जुन्या पट्ट्यांच्या बारकोडमध्ये वीसेक अक्षरं मावत, त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक बारकोड लावून कामगारांना ते एकामागून एक वाचत बसावं लागे. नव्या कोडमध्ये, तो सर्वांत मोठ्या आकारात घेतला तर, ७,०८९ अंक बसू शकतात. कंपनीने पेटंटचा हक्क कोणावर चालवला नाही, म्हणून तो सगळ्या जगाचा झाला.

एखादा कोड समोर धरून नीट बघा. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन आहेत. त्यांच्या मधून कुठल्याही बाजूने रेघ मारली तरी काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं यांच्या रुंदीचं प्रमाण १, १, ३, १, १ असंच येतं. छापील मजकुरात सर्वांत क्वचित सापडणारं प्रमाण म्हणून हे निवडलं गेलं. त्यामुळे गर्दीच्या पानातसुद्धा फोन कोड पटकन हेरतो. चौथ्या कोपऱ्यात तो मोठा चौकोन नसतो, त्यावरून वर-खाली कुठे ते समजतं. म्हणून कोड उलटा धरला तरी चालतो. या चौकोनांना जोडणारी काळ्या-पांढऱ्या घरांची एकआड एक ओळ दिसेल. एक घर किती रुंद, हे फोन तिच्यावरून मोजतो. आणि सगळ्याभोवती चार घरांएवढी कोरी जागा हवी. ही जागा सजावट करणारे सर्रास कापून टाकतात, आणि मग कोड वाचला जात नाही म्हणून माझ्याकडे येतात.

मजकुराबरोबर त्याची पडताळणी करणारी जादा माहितीही कोडमध्ये गणिताने गुंफलेली असते. १९६० मध्ये अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी मांडलेलं हे गणित. याच्या चार पातळ्या आहेत. खालच्या पातळीवर सुमारे ७ टक्के माहिती खराब झाली तरी मजकूर पुरा परत मिळतो, वरच्या पातळीवर सुमारे ३० टक्के. मर्यादेपलीकडे खराबी गेली की फोन जवळपास जाणारं काहीतरी वाचून देत नाही, गप्प राहतो. तुमचा फोन गप्प राहिला याचा अर्थ त्याने चुकीची हजेरी लावली नाही, आणि मला तरी हे वागणं फार प्रामाणिक वाटतं.

पण तो गप्प का राहिला? मला स्वतःला हा धडा अशाच एका सायकलफेरीत मिळाला. टप्प्यांचे कोड मी तयार केले होते. दुवा दीडशे अक्षरांचा होता. मधल्या पातळीवर एवढा मजकूर बसवायला ४९ गुणिले ४९ घरांचा कोड लागतो. तो तीन सेंटिमीटरच्या स्टिकरवर छापला, म्हणजे एक घर ०.६ मिलिमीटरचं. वर चमकदार आवरण, आणि लावला गोल खांबावर. घरी टेबलावर सगळ्या फोनांनी वाचला होता. उन्हात, दमलेल्या माणसाच्या हातात, घामाने ओघळ आलेल्या लेन्सने तो वाचेना. आठ-दहा जण खांबाभोवती फोन नाचवत उभे होते. त्याच रात्री दुवा पंचवीस अक्षरांवर आणला. आता २५ गुणिले २५ घरं पुरली आणि प्रत्येक घर दुप्पट झालं. चमक नसलेल्या आवरणाचा सपाट फलक केला. दुसऱ्या दिवशी कोणालाही थांबावं लागलं नाही.

तेव्हा तुमच्या बाबतीत आधी लेन्स पुसा. फोन कोडाला टेकवू नका, उलट मागे या आणि झूम करा, कारण फार जवळून लेन्सला नजर स्थिर करता येत नाही. कोडाच्या रुंदीच्या दहापट अंतर ठीक. ऊन चमकत असेल तर अंगाची सावली कोडावर पाडा आणि फोन किंचित तिरका धरा. मित्राचा कॅमेरा जवळचं चांगलं बघत असेल, एवढंच.

आता तो दुसरा धोका. फोन कोड अचूक वाचतो, पण कोड कोणी चिकटवला हे त्याला वाचता येत नाही. खऱ्या कोडावर खोटं स्टिकर लावलं तर तो खोटा मजकूरही तितक्याच अचूकपणे वाचेल. नुसतं वाचल्याने साधारणपणे काही बिघडत नाही. बिघडतं ते पुढचा दुवा उघडून तिथे काही भरल्यावर. म्हणून सार्वजनिक जागी कोडाच्या कडेवर नख फिरवून बघा, खाली दुसरा थर लागतो का. पडद्यावर पत्ता आला की त्यातली पहिली एकेरी तिरपी रेघ शोधा आणि तिच्या लगेच डावीकडचं नाव वाचा. खरा मालक तिथे असतो. आणखी डावीकडे ओळखीचं नाव कितीही ठळक लिहिलं असलं तरी ते कोणालाही लिहिता येतं. पैसे पाठवायचे असतील तर रक्कम भरण्याआधी समोर येणारं नाव मोठ्याने वाचा आणि ज्याला द्यायचे त्याला ऐकवा. वायफायच्या कोडमध्ये पासवर्ड उघडा लिहिलेला असतो, बोर्डिंग पासच्या कोडमध्ये नाव आणि बुकिंगचा क्रमांक. अशांचे फोटो कुठेही टाकू नका.

आयोजकांना दोन गोष्टी जरूर सांगा. बरेच कोड आधी मधल्या एखाद्या सेवेकडे नेतात आणि ती सेवा पुढे खऱ्या पानावर पाठवते. अशा एका सेवेची मुदत फेरीच्या आदल्या रात्री संपून सगळे छापलेले कोड मेलेले मी पाहिले आहेत. शक्य असेल तर दुवा आयोजकांच्या स्वतःच्या पत्त्याचा ठेवा. आणि प्रत्येक कोडाखाली चार-पाच अक्षरांचा साधा खूणशब्द मोठ्या टायपात छापा. ज्याचा फोन वाचणार नाही, तो ती अक्षरं हाताने भरेल आणि पुढे निघेल.